सतोपंथच्या वाटेची आखणी

प्रवासवर्णने आपण सारेच आवडीने वाचतो. परंतु प्रवासास निघण्यापूर्वीच्या चार महिन्यांचे वर्णन लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. याद्या, हिशेब, परवाने, पालकांची मनधरणी हा विषय रसाळ नाही, हे खरे. तथापि हिमालयातील एखाद्या उंच सरोवराकडे पाठीवर बिऱ्हाड घेऊन पाच-सहा दिवस चालत जावयाचे असेल, तर त्या प्रवासाचे बरेवाईट बव्हंशी घरच्या ओसरीवरच ठरून जाते, असा माझा अनुभव आहे. म्हणून संपादकांनी लेख मागितला तेव्हा सरोवराच्या शोभेपेक्षा त्या तयारीविषयीच लिहावे असे ठरविले. शोभेविषयी लिहिण्याचा मला अधिकारही नाही. तो का नाही, हे पुढे कळेलच.

२०१८ सालचा उन्हाळा यवतमाळकरांच्या स्मरणातून जाणे कठीण आहे. शहरास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे दोन्ही जलाशय आटले होते, आणि नळाच्या पाळ्या दिवसांवरून आठवड्यांवर गेल्या होत्या. रात्री टँकरच्या रांगेत जागलेली मुले दिवसा डुलक्या घेत. जून-अखेरीस शाळा उघडल्यावर आठवीच्या वर्गात मी उत्तरेकडील नद्यांचा धडा घेत होतो. अलकनंदेचा उगम सांगताच एका मुलीने विचारले, "सर, ती नदी उन्हाळ्यात का आटत नाही?" बर्फ वितळून पाणी येते, हे पुस्तकी उत्तर मी दिले. तिचे त्याने समाधान झाले नाही. चार वर्षांनी बारावीची परीक्षा संपल्यावर तीच मुलगी आणखी पाच सोबत्यांस घेऊन माझ्या घरी आली, आणि ते पाणी आम्हांस पाहावयाचे आहे, म्हणाली. पुढे त्या सहांपैकी दोघांस प्रवेशपरीक्षांच्या अभ्यासाने अडकवून ठेविले. उरलेले चौघे, माझे एक सहकारी, पालकांपैकी एक डॉक्टर आणि मी, अशी सात जणांची तुकडी झाली.

प्रथम स्थळाची निवड. मुलांच्या मनात रूपकुंड होते, कारण तेथील सांगाड्यांची कथा त्यांनी ऐकिली होती. पाच हजार मीटर उंचीवरील त्या लहानशा कुंडाच्या काठी १९४२ साली एका वनाधिकाऱ्यास मानवी हाडांचा मोठा साठा आढळला. ते सारे एकाच वादळात सापडलेले यात्रेकरू असावेत, असा पुष्कळ काळ समज होता. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-परीक्षणावरून असे दिसले की, काही अस्थी इसवी सनाच्या आठशेच्या सुमाराच्या, तर काही अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीच्या, आणि तेही भूमध्यसागराच्या पूर्वेकडील लोकांशी नाते सांगणाऱ्या आहेत. हे लोक तेथे काय करीत होते, याचा उलगडा झालेला नाही. मुलांस ही गोष्ट फार आवडली. पण २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने तेथील उंच कुरणांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली होती, तेव्हा तो विचार सोडावा लागला. हेमकुंडाची वाट बांधीव आहे. परंतु तेथेही यात्रेकरूंस रात्री राहू देत नाहीत. सकाळी चढावयाचे आणि दिवस असतानाच उतरावयाचे. आणि मुलांस तर तंबूत राहावयाचे होते.

शेवटी सतोपंथ ठरले. बदरीनाथापलीकडे तीन किलोमीटरवर माणा हे गाव आहे. तेथून अलकनंदेच्या काठाकाठाने पश्चिमेस चालत गेले की लक्ष्मीवन, मग चक्रतीर्थ, आणि त्यापुढे हिमनदीने लोटून आणिलेल्या दगडधोंड्यांच्या राशींमध्ये, सुमारे ४,६०० मीटर उंचीवर, हे त्रिकोणी सरोवर आहे. त्याच्या तीन कोनांवर ब्रह्मा, विष्णू व महेश स्नानास येतात, असे तेथील लोक सांगतात. पांडव स्वर्गारोहणास याच वाटेने गेले, अशीही श्रद्धा आहे. पांडवांपैकी एकटे धर्मराज शेवटपर्यंत पोहोचले, हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत हसत हसत सांगितले. त्या वेळी आम्हीही हसलो.

आता उंचीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सर्व आखणी त्याच एका गोष्टीभोवती फिरते. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे. विदर्भातले सर्वांत उंच थंड हवेचे ठिकाण जे चिखलदरा, तेही अकराशेच्या आसपासच. आपल्या शरीरास ठाऊक असलेली उंची एवढीच. सतोपंथच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सत्तावन्न टक्क्यांच्या जवळपास उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू जवळजवळ निम्म्यावर येतो. शरीर यास जुळवून घेते, परंतु त्यास वेळ लागतो, आणि तो वेळ पैशाने वा उत्साहाने कमी होत नाही. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा दररोज पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तेथेच थांबावे, असा जाणत्यांचा नियम आहे. दिवसा अधिक उंच जाऊन यावे, मात्र निजावयास खाली यावे.

पंढरीच्या वारीतही मुक्काम आधीच ठरलेले असतात, आणि दिंडीस ते चुकविता येत नाहीत. पण वारीचा मुक्काम अंतरावर ठरतो, येथे तो उंचीवर ठरतो, हे मुलांस पटवून देण्यास मला दोन संध्याकाळ लागल्या. नकाशावर माणा ते सतोपंथ हे अंतर वीस-बावीस किलोमीटर दिसते. "सर, एवढं तर आम्ही एका दिवसात चालू," असे आमचा फुटबॉलचा कर्णधार म्हणाला. चालणे शक्यही होते. मी त्यास पेन्सिल दिली आणि प्रत्येक मुक्कामाची उंची मांडून फरक काढावयास सांगितले. जोशीमठ १,९०० मीटरच्या जरा खाली. बदरीनाथ ३,१०० वर. लक्ष्मीवन साडेतीन हजारांच्या वर. चक्रतीर्थ सुमारे ४,२००. वजाबाक्या पाहून त्याने स्वतःच बदरीनाथास दोन आणि लक्ष्मीवनास दोन रात्री लिहिल्या. त्याखेरीज एक दिवस मी कोरा सोडला. त्या कोऱ्या दिवसाचा खर्च का धरावयाचा, यावर पुष्कळ वाद झाला. पण तो तसाच राहिला.

ऋतूची निवड याहून अवघड. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाऊस ओसरून आकाश निवळते आणि वाटेवरचे बर्फही वितळलेले असते. परंतु तेव्हा शाळा-महाविद्यालयांस सुटी नसते. जुलै-ऑगस्टात दरडी कोसळतात. उरला जूनचा पहिला पंधरवडा. येथे विदर्भाचे ऊन उपयोगी पडले. आपल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा शिक्षकांसही रजा मागावी लागली नाही. मात्र १२ जूनच्या आत माण्यास परत, ही मर्यादा आम्ही घालून घेतली. ती उगाच घातली नव्हती. २०१३ साली पावसाने जूनच्या मध्यावरच गाठले आणि १७ जूनच्या सकाळी केदारनाथाच्या वर असलेल्या चोराबाडी तलावाचा दगडमातीचा नैसर्गिक बांध फुटला. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी तेथे विसर्जित झाल्याने त्यास गांधी सरोवर असेही नाव आहे. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस हे ठाऊक असावे. त्या सरोवरांची सुंदर निळाई ही अशा कच्च्या बांधांनी अडविलेली असते, हे मी पालकांच्या बैठकीत लपविले नाही.

शिध्याच्या यादीवर घरोघरी मते निराळी. एका मातेने तुरीच्या डाळीची पाच किलोची पुरचुंडी बांधून ठेविली होती. डाळ आपल्याकडची, उत्तम. पण त्या उंचीवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळू लागते, आणि तूरडाळ तासभर उकळूनही दाण्यासारखी राहते. म्हणून मुगाची डाळ, तांदूळ, शेवया, सातूचे पीठ, गूळ-शेंगदाणे, भाजलेले पोहे आणि एक लहान प्रेशर कुकर एवढेच घेतले. कुकराचे वजन मुलांस खटकले, पण इंधन वाचले ते त्याच्यामुळेच. लाकूड तोडून चूल पेटविण्याचा प्रश्नच नव्हता. लक्ष्मीवनात भूर्जाची थोडी झाडे आहेत, तीच त्या वाटेवरची शेवटची झाडी. गॅसच्या टाक्या आगगाडीत नेण्यास मनाई असल्याने त्या ऋषिकेशास घेतल्या.

शिधा किती घ्यावा, याविषयी एक जुनी हकीकत आम्हांस उपयोगी पडली. १९३४ साली एरिक शिप्टन व बिल टिलमन हे दोघे इंग्रज गिर्यारोहक तीन शेर्पांसह याच सतोपंथ हिमनदीवरून चढून केदारनाथाच्या बाजूस उतरले. फार थोडे सामान घेऊन मोठमोठे प्रदेश पालथे घालणारी ही जोडी. त्यांच्याइतके काटकसरी प्रवासी विरळा. परंतु पलीकडच्या दरीत पावसाने व दाट अरण्याने त्यांस असे अडविले की, जवळचे अन्न संपून बांबूच्या कोंबांवर दिवस काढावे लागले. त्यांच्यासारख्यांचा अंदाज चुकतो, तर आपण दोन दिवसांचा शिधा अधिक घ्यावा, असे मुलांनीच ठरविले. मला त्या दोघांचे धाडस आवडते. पण दुसऱ्यांची मुले बरोबर असताना त्याचे अनुकरण करण्याची माझी छाती नाही.

सरावासाठी तीन महिने मिळाले. पाठपिशवीत नऊ-नऊ किलो ज्वारी भरून आम्ही पहाटे निळोण्याच्या बांधापर्यंत जाऊन येत असू. वाटेत दूधवाले विचारीत, "दळणाले इतक्या दूर?" कपड्यांचा हिशेब मुलांनी भूगोलाच्या नियमाने केला. दर हजार मीटरला उष्णता सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे यवतमाळपेक्षा सरोवरापाशी सत्तावीस अंश कमी. ही झाली दिवसाची सरासरी, रात्रीचे निराळेच. एवढ्यावरून लोकरी टोप्या, हातमोजे व जाड मोजे उन्हाळ्यात कोण विकतो, याचा शोध सुरू झाला. बूट मात्र दोन महिने आधी घेऊन रोज वापरावयास लाविले. नव्या बुटाने पायाला फोड येतो, आणि दुसऱ्या मुक्कामावरचा फोड हा घरच्या फोडासारखा नसतो.

पालकांची शेवटची बैठक एप्रिलमध्ये झाली. प्रत्येकी साडेसतरा हजार रुपये खर्च, परवाने, माण्याचा वाटाड्या, चार भारवाहक, डॉक्टरांची औषधपेटी, हे सारे मी वाचून दाखविले. प्रश्न फार झाले नाहीत. उठताना मागे बसलेली एक माता, आमच्या कर्णधाराची आई, पदर सावरून म्हणाली, "सर, तयं नाई पाहिलं तं चालते. पन वापस फिराचं हे कोन ठरवन?"

चार महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही विचारला नव्हता. त्याच बैठकीत आम्ही त्याचे उत्तर लिहून काढिले. प्रकृतीच्या बाबतीत डॉक्टरांचा शब्द अखेरचा. हवा व वाट यांच्या बाबतीत वाटाड्याचा. त्यांच्याशी वाद घालावयाचा तो घरी परत आल्यावर. आजाऱ्यास एकट्याने वा केवळ भारवाहकाबरोबर खाली पाठवावयाचे नाही. दोन मोठी माणसे सोबत जातील, मग ती कोणीही असोत. यावर चारही मुलांच्या सह्या घेतल्या. आमच्याही तिघांच्या घेतल्या, हे बरे झाले.

धामणगावास गाडीत बसलो ते जूनच्या पहिल्या दिवशी. यवतमाळची शकुंतला बंद पडल्यापासून आगगाडी गाठावयाची म्हणजे असे शेजारच्या गावी जावे लागते. दिल्ली, ऋषिकेश, आणि पुढे पाच प्रयाग ओलांडीत बसचा रस्ता. बदरीनाथास यात्रेकरूंची अतोनात गर्दी होती. मधल्या दिवशी वसुधारा धबधब्यापर्यंत जाऊन परत खाली निजावयास आलो. मुले खुशीत होती. लक्ष्मीवनास दुसरी रात्र काढावयाची म्हणताच वाटाड्याने कुरकूर केली, "मास्टरजी, बच्चे तो तगड़े हैं;" पण तंबू हलविले नाहीत. तिसऱ्या दिवशी बर्फाचे पट्टे ओलांडीत चक्रतीर्थास पोहोचलो, तेव्हा सर्वांत पुढे आमचा कर्णधार होता.

संध्याकाळी त्याने खिचडी बाजूस सारली. डोके जड आहे, म्हणाला. डॉक्टरांनी गोळी दिली व पाणी पाजले. रात्री त्यास दोनदा वांती झाली. अडीचच्या सुमारास डॉक्टरांनी त्यास तंबूबाहेर आणून विजेरीच्या उजेडात एका सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून, चालावयास सांगितले. हीच कसरत त्याने यवतमाळास शाळेच्या मैदानावर हसत हसत केली होती. येथे तिसऱ्या पावलास तो डावीकडे कलला. पुन्हा चालला, पुन्हा कलला.

"आत्ता," डॉक्टर मला म्हणाले, "उजाडेपर्यंत नाही."

त्या मुलाची समजूत घालणे हा त्या प्रवासातील सर्वांत कठीण भाग. "सर, चार तासांचंच तर राहिलं. मी हळू चालतो. मला इथेच ठेवा, हे सगळे जाऊन येतील," असे तो पुनःपुन्हा म्हणत होता, आणि मधेच आपण काय म्हणत होतो हे विसरत होता. सरावाच्या काळात त्याचा दम सर्वांहून मोठा होता. उंचीचा हा विकार बलवानास सोडीत नाही. उलट बळावर विसंबून तो लक्षणे दडवितो, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेविले होते. मी वही काढून त्यास त्याची सही दाखविली नाही. तशी वेळच आली नाही. दुसऱ्या तंबूतून ती मुलगी बाहेर आली, त्याचे बूट त्याच्यापुढे ठेविले आणि नाड्या बांधू लागली. तो गप्प झाला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. ते, मी आणि दोन भारवाहक असे त्यास मध्ये धरून पावणेतीनला निघालो. चंद्र मावळला होता. दगडांवर पातळ बर्फ धरलेला. दर दहा पावलांस थांबावे लागे. सहकारी व वाटाड्या उरलेल्या तिघांजवळ राहिले. उजाडताना लक्ष्मीवनाचे भूर्ज दिसू लागले, तेव्हा मुलाने पहिल्यांदा आपण होऊन पाणी मागितले. डॉक्टरांनी त्यास पुन्हा रेषेवर चालविले. या खेपेस आठ पावले सरळ पडली. तरीही आम्ही थांबलो नाही. दुपारी माण्यास आलो. तेथे त्याने दोन पोळ्या खाल्ल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजला. डॉक्टर त्याच्याजवळ बसून होते.

इतर मंडळी त्या दिवशी सकाळी सरोवरास पोहोचली. त्याचे वर्णन मी त्यांच्याच तोंडून ऐकिले. निम्मे पाणी अजून गोठलेले होते. मोकळ्या भागाचा रंग एकाने हिरवा सांगितला, दुसऱ्याने निळा, आणि त्यावर त्यांचे बराच वेळ एकमत होईना. मागे चौखंबा उभा होता. त्या मुलीने शाळेच्या प्रयोगशाळेतील उष्णतामापक रुमालात गुंडाळून नेला होता. काठच्या पाण्यात धरला तेव्हा तीन अंश भरले. ती नोंद, वेळेसह, तिने वहीत करून ठेविली. कोणी पाण्यात उतरले नाही, साबण लाविला नाही, आणि बिस्किटांची वेष्टने मोजून परत आणिली; एकवीस नेली होती, एकवीस आली.

दुसऱ्या दिवशी ते माण्यास उतरले, तेव्हा आमचा आजारी ओट्यावर उन्हात बसला होता. बराच वेळ त्याने काही विचारले नाही. मग म्हणाला, "हिरवं की निळं?" आणि तो वाद पुन्हा सुरू झाला.

कोरा ठेविलेला दिवस त्याच्या विश्रांतीस उपयोगी पडला. गाडीची तिकिटे बदलावी लागली नाहीत. तीन किलो तांदूळ व थोडे सातू उरले, ते भारवाहकांस दिले. हिशेबात प्रत्येकी सहाशे चाळीस रुपये शिल्लक निघाले. मुलांच्या सांगण्यावरून ते घरी परत न करिता त्यांतून एक तंबू विकत घेतला. दोन जुने तंबू, पाठपिशव्या, कुकर आणि ती वही आता भूगोलाच्या खोलीतील कपाटात आहेत. आपल्या शाळेच्या कोणाही आजी-माजी विद्यार्थ्यास पालकांच्या सहीने ते नेता येतील. कुकराचे रबर मात्र नवे आणावे लागेल. जुने थंडीने ताठ होऊन त्यास चीर गेली आहे.